आजोबांची आई कोण हे कागदांवरून कळत नाही, डीएनए चाचणीने कळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांची दोन लग्नं झाली, पहिली पत्नी वारल्यावर दुसरं. आजोबांच्या जन्मनोंदीत वडिलांचं नाव आहे, आईचं नाही. मग डीएनए चाचणी करावी की नोंदीच आणखी धुंडाळाव्यात? आणि दोन्हींतून वेगळंच निघालं तर खरं काय मानायचं?

कळू शकतं, पण नुसतं किट मागवून नाही. डीएनएला नावं माहीत नसतात. अमक्या दोघांचं रक्ताचं नातं किती जवळचं आहे, एवढंच त्यातून दिसतं. त्या नात्याला नाव आणि साल कागदच देतो. म्हणून आधी तीन तारखा शोधा: पहिल्या पणजीचा मृत्यू, दुसरं लग्न आणि आजोबांचा जन्म. आजोबांचा जन्म पहिल्या पणजीच्या मृत्यूनंतर वर्षभराने झालेला निघाला, तर तिचा प्रश्नच मिटतो आणि चाचणीचे पैसे वाचतात.

मात्र तारीख कोणत्या कागदावरची आहे ते बघा. घटना घडल्यावर काही दिवसांत झालेली जन्मनोंद आणि सत्तर वर्षांनी मृत्युनोंदीत लिहिलेलं वय यांचं वजन सारखं नाही. मृत्युनोंदीतलं वय मुलगा किंवा पुतण्या सांगतो, आणि तो त्या जन्माच्या वेळी तिथे नव्हता. जनगणनेतली वयं शून्यावर आणि पाचावर संपणाऱ्या आकड्यांकडे झुकतात, कारण सांगणारा अंदाजाने सांगतो. शाळेतली जन्मतारीखही बऱ्याचदा प्रवेशाच्या सोयीने लिहिलेली असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक चकवा संभवतो. पूर्वी मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची रीत अनेक समाजांत होती. तुम्हाला सापडलेली जन्मनोंद आजोबांची नसून त्यांच्या आधी गेलेल्या भावाची असू शकते. त्या नोंदीपुढच्या पाच-सहा वर्षांच्या मृत्युनोंदी त्याच नावासाठी चाळून घ्या. हे काम संगणकातल्या सूचीवरून उरकू नका, मूळ पानाचं छायाचित्र वाचा. सूची करणाऱ्याने एक अक्षर चुकीचं वाचलं की माणूस सूचीतून गायब होतो, आणि शेऱ्याच्या रकान्यातला मजकूर तर सूचीत बहुधा येतच नाही.

हे सगळं करूनही अडलं, तर चाचणी. चाचण्या तीन प्रकारच्या असतात आणि तुमच्या प्रश्नाला त्यांतल्या दोन निरुपयोगी आहेत. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे दोन्ही पत्नींच्या मुलग्यांचं वाय एकच असणार. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच देतात. आजोबांकडे तो त्यांच्या आईचा होता, पण त्यांच्याबरोबरच संपला. तुमच्या वडिलांची ही चाचणी केलीत तर हाती येईल ती तुमच्या आजीची, म्हणजे आजोबांच्या पत्नीची आईकडची बाजू. इथे फार जण फसतात. उरते ती ऑटोसोमल चाचणी, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलेल्या बाकीच्या गुणसूत्रांची. सामायिक डीएनए ती सेंटीमॉर्गन या एककात मोजते.

आता कोणाची तुलना कोणाशी, हा खरा कळीचा मुद्दा. आजोबांचे एखादे भाऊ नक्की दुसऱ्या पणजीचे असतील, तर त्यांच्या मुलांशी तुमच्या वडिलांची तुलना करावी असं पहिल्यांदा सुचतं. सख्ख्या भावांची मुलं म्हणजे चुलत भावंडं, त्यांच्यात सरासरी ८७० सेंटीमॉर्गन सामायिक असतात. सावत्र, म्हणजे बाप एक पण आई वेगळी अशा भावांच्या मुलांमध्ये साधारण ४५०. पण प्रत्यक्षात पहिला आकडा ४०० ते १४०० आणि दुसरा १५० ते ९८० असा पसरलेला असतो. ६५० आले तर काय म्हणणार? दोन्ही शक्य. एका जोडीवर निर्णय देऊ नका. चार-पाच जोड्या मोजल्यात तर कल दिसतो.

त्याहून भक्कम मार्ग दोन्ही पणज्यांच्या माहेरातून जातो. दोघींच्या माहेरची नावं लग्नाच्या नोंदीत शोधा. मग प्रत्येकीच्या सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा एकेक नातू किंवा नात गाठा. जिच्या पोटी आजोबा जन्मले, तिच्या माहेरचा नातू आणि तुमचे वडील यांच्यात सरासरी २३० सेंटीमॉर्गन सामायिक निघायला हवेत. ४० निघाले काय किंवा ५९० निघाले काय, तेही या नात्यात बसतं. दुसऱ्या माहेराशी काहीच जुळायला नको. या पायरीपर्यंतचं नातं खरं असेल तर जुळणी शून्य येणं जवळपास घडत नाही, त्यामुळे इथे नकारालाही अर्थ आहे. दोन्ही बाजूंना एक पिढी आणखी खाली गेलात की खऱ्या नातलगांतल्या सुमारे दहापैकी एका जोडीत काहीच जुळत नाही, आणि त्याखालच्या पिढीत जवळपास निम्म्या जोड्यांत. म्हणून स्वतःची चाचणी करण्याआधी वडिलांची, काकांची, आत्याची करा. प्रत्येक भावंडाला आजोबांचा वेगळा अर्धा भाग मिळालेला असतो. दोघांची केली तर आजोबांचा सरासरी ७५ टक्के डीएनए हाती येतो, तिघांची केली तर ८७.५ टक्के. आजोबांचं एखादं भावंड हयात असेल तर त्याचा नमुनाही घेऊन ठेवा, तो पुन्हा मिळणार नाही.

दोन ठिकाणी ही युक्ती फसते. दोन्ही पणज्या सख्ख्या बहिणी असतील तर माहेर एकच, डीएनए त्यांच्यात फरक करू शकणार नाही आणि तुम्हाला कागदांकडेच परतावं लागेल. दुसरं, पिढ्यानपिढ्या ठरावीक घराण्यांतच लग्नं होत असतील तर सगळेच सगळ्यांशी थोडे थोडे जुळतात आणि एकूण आकडा फुगतो. तेव्हा बेरजेपेक्षा जुळणाऱ्या डीएनएचा सगळ्यात लांब अखंड तुकडा बघा. ३०-४० सेंटीमॉर्गनचे दोन-तीन तुकडे असतील तर नातं बहुधा अलीकडचं. ८-१० चे पंधरा तुकडे असतील तर ती जुन्या नात्यांची गोळाबेरीज असण्याचा संभव जास्त. ७ च्या खालचे तुकडे मी पुरावा म्हणून धरूच नये असं म्हणेन, त्यांतले पुष्कळ योगायोगाने जुळलेले असतात. आणि अमुक प्रदेशाचे इतके टक्के हा अहवालातला रंगीत नकाशा वंशावळीसाठी बाजूला ठेवा. कंपनीने तुलनेचे नमुने बदलले की ते टक्केही बदलतात.

कागद आणि डीएनए भांडले तर? आधी साध्या चुका तपासा: दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का, समोरच्याची स्वतःची वंशावळ बरोबर आहे का. त्यातूनही विरोध उरला तर वर सांगितलेल्या, माहेरच्या नातवंडांच्या पायरीपर्यंतच्या नात्यात मी डीएनएला झुकतं माप देईन, त्यापलीकडे चांगल्या कागदाला. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचं उदाहरण बघा. १४८५ साली लढाईत पडलेल्या या राजाचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर इथे सापडला. त्याच्या बहिणीच्या मुलींच्या मालिकेतून आलेले आजचे वंशज कागदांवरून शोधले गेले, आणि त्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए जुळला. त्याच्याच एका पूर्वजापासून पुरुष मालिकेतून आलेल्या वंशजांचं वाय मात्र जुळलं नाही. मधल्या १९ दुव्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि जन्मदाता बाप वेगळे होते. नेमका कोणता दुवा, हे त्या जुळणीच्या अभावातून कळत नाही.

असा विरोध म्हणजे कागद खोटा असंही नाही. दत्तक घेतलेल्या किंवा सावत्र आईने वाढवलेल्या मुलासमोर तिचंच नाव लिहिलं गेलं, तर ती त्या घरातली खरी गोष्टच होती. वंशावळीत जन्माचं नातं आणि पालनाचं नातं वेगवेगळ्या रेषांनी दाखवा, एक खोडून दुसरं लिहू नका.

नमुना देताना आधी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान बंद. वयस्कर माणसांना बऱ्याचदा नळी भरेल इतकी लाळ सुटत नाही, त्यांच्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवण्याचं किट निवडा आणि नळीवरचा क्रमांक त्याच वेळी त्यांच्या नावासमोर वहीत उतरवून ठेवा. पणजीच्या माहेरच्या माणसांकडे नमुना मागण्याआधी त्यांना तुमचा प्रश्न मोकळेपणाने सांगा. या चाचणीतून त्यांच्या घरातलंही काही अनपेक्षित बाहेर पडू शकतं, तसं झालं तर त्यांना ऐकायचं आहे का, हे आधी विचारा, आणि नको म्हणाले तर दुसऱ्या भावंडाची शाखा शोधा.