मधुमेह असेल तर अँटिबायोटिकचा डोस वाढवावा लागतो का?

बारा वर्षांचा मधुमेह, पायाला जखम, आठवडाभर अँटिबायोटिक घेऊनही उतार नाही, तर डोस वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःहून अजिबात वाढवू नका.

मधुमेहात औषध कमी पडतं ते बहुतेकदा रक्तात नव्हे, जखमेत. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे रक्तातली पातळी व्यवस्थित असूनही जखमेपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही. मेलेल्या मांसात तर रक्तच जात नाही. अशा वेळी जखम साफ करून घेणं, पूची कल्चर तपासणी (कोणते जंतू आहेत ते कळतं) आणि पायाचा डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) यांचा जास्त उपयोग होतो. जठराच्या नसा बिघडल्या असतील तर गोळीचा परिणामही उशिरा सुरू होतो. संसर्ग गंभीर असेल तर शिरेतून औषध देतात त्याचं हे एक कारण.

खरा धोका किडनीचा. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात किडनी जास्त गाळते, पुढे मात्र हळूहळू मंदावते आणि औषध साचू लागतं. उदाहरणार्थ लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिग्रॅ रोज एकदा देतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचं माप, मिनिटाला २० ते ४९ मिली असेल तर तेच ४८ तासांनी एकदा. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिकं साचली तर कान आणि किडनी दोन्ही जायबंदी होतात. वयस्कर, किरकोळ शरीरयष्टीच्या माणसाचं रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल दिसूनही किडनी मंद असू शकते, म्हणून ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा वय धरून काढलेला अंदाज) काढून घ्या. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनला सहसा असा फेरफार लागत नाही.

आता शुगरच्या गोळ्या. याकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून आवर्जून सांगतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या चालू असताना को-ट्रायमॉक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन यांपैकी अँटिबायोटिक दिलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकचं उलटं: ते यकृताला शुगरच्या या गोळ्या लवकर संपवायला लावतं आणि शुगर चढते. त्यात संसर्गानेही शुगर वाढलेली असते, म्हणून अंदाजावर राहू नका. कोर्स चालू असेपर्यंत ग्लुकोमीटरवर दिवसातून चार वेळा तपासा. ७०च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाबाचं, हृदयाचं औषध) चालू असेल तर शुगर उतरल्याची थरथर, धडधड जाणवणार नाही, फक्त घाम येईल. शुगरच्या या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे शुगर वर आल्यावरही काही तासांनी पुन्हा घसरू शकते. म्हणून लगेच जेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.