घाटात मागे कोण आहे ते बघ

केरी, सत्तरी

बाय,

तुझं पत्र मिळालं. फेब्रुवारीतल्या तीन दिवसांच्या जोडीच्या सायकल शर्यतीत तू आणि तुझ्या चुलतभावानं नाव नोंदवलंत, हे मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आठवड्याला किती किलोमीटर मारायचे, असं तू विचारतेस. किलोमीटर मोजू नकोस, तास मोज. शनिवारी चार तास, रविवारी तीन, दोन्ही दिवस दोघांनी मिळून. मधल्या दिवसांत तासाभराच्या दोन फेऱ्या. दर चौथ्या आठवड्यात हे सगळं निम्म्यावर आण. शनिवारचे थकलेले पाय घेऊन रविवारी पुन्हा सायकलीवर बसायचं, तीच खरी तालीम. दमाच्या बाबतीत तू पुरी पडशील, त्याची मला काळजी नाही.

काळजी वाटते ती तुमच्या दोघांमधल्या अंतराची.

दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून केप एपिक नावाची शर्यत होते. आठ दिवस, डोंगरातल्या वाटा, आणि दोघांची जोडी. तिथला नियम असा की जोडीदारांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, पडलं तर दंड. तुमच्या शर्यतीतही तोच नियम आहे आणि जोडीची वेळ मागून येणाऱ्याच्या चाकावर धरतात. तू घाटाच्या माथ्यावर त्याच्या पाच मिनिटं आधी पोचलीस, तर हाती काही लागत नाही. वर दंड, आणि तुझे पाय फुकट दमलेले.

हे मी वाचून शिकलो नाही. तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो तेव्हा अशाच एका शर्यतीत माझ्याबरोबर माझा शाळेपासूनचा मित्र होता. दुसऱ्या दिवशी मोठा चढ आला. मी पूर्ण घाट त्याच्यापुढे तीस-चाळीस मीटर राहिलो. वाटत होतं, मी पुढे दिसलो की त्याला हुरूप येईल. प्रत्येक वळणावर थांबायचो, पाणी प्यायचो, तो दिसला की ओरडायचो, “बरा आहेस ना?” तो म्हणायचा, “बरा आहे, चल.” आणि तो पोचायच्या आत मी निघायचो. माझी विश्रांती झालेली असायची, त्याची एकदाही झाली नाही. पलीकडच्या खोऱ्यात उतरल्यावर तो रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या ढिगावर बसला आणि उठला नाही. दोन तास त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं. आम्ही तिथेच शर्यत सोडली. नंतर तो माझ्याबरोबर कधी शर्यतीला आला नाही. शर्यत गेली म्हणून तो रागावला नव्हता. मागे वळून मी त्याच्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त पाहिलं होतं, ते त्याला दिसलं होतं. आजही चोर्ला घाटाच्या वळणावर ते डोळ्यांसमोर येतं.

म्हणून “बरा आहेस ना?” हा प्रश्न तुमच्या जोडीतून काढून टाक. त्याचं उत्तर नेहमी “हो” असतं. “शेवटचं कधी खाल्लंस?” असं विचार. “बाटलीत किती उरलंय?” असं विचार. उत्तर द्यायला त्याला बाटलीकडे बघावंच लागेल. तो गप्प झाला, किंवा विनाकारण खेकसायला लागला, तर त्याचा स्वभाव काढत बसू नकोस. खिशातून केळं काढून हातात दे. दहातल्या आठ वेळा ती भूकच असते. आणि “सॉरी” म्हणायला आजच बंदी घाला. मागे पडलेला माणूस दर पाच मिनिटांनी माफी मागत राहिला की तो आणखी वेगानं खचतो, हे मी अनेक जोड्यांत पाहिलंय.

आता पुढे कोणी राहायचं. तू चढाला हलकी आहेस, तो सपाटीला आणि उताराला भारी. चढावर त्याला पुढे घाल आणि त्याच्या मागच्या चाकाला धरून चाल. वेग तो ठरवेल, तुला तो कमी वाटेल. चालू दे. बाजूला येऊन अर्धं चाक पुढे काढायची तुझी खोड आहे, ती मोड. तसं केलंस की समोरचा नकळत वेग वाढवतो आणि दोन वळणांत संपतो. चढावर पाठीला तळवा लावून ढकलणं बऱ्याच जोडशर्यतींत चालतं. तुमच्या नियमपत्रिकेत ते बघून घे आणि चालत असेल तर आतापासून सराव कर, कारण एका हातानं सायकल सरळ ठेवणं सोपं नाही. सपाटीला तो पुढे, तू त्याच्या आडोशाला. उताराला तो वाट दाखवेल, पण तिथे मध्ये वीसेक मीटर सोड. आपल्या डिचोली-सत्तरीकडच्या तांबड्या रस्त्यांवर धूळ उठते की पुढचा खड्डा दिसतच नाही.

सामान निम्मं-निम्मं वाटून घेऊ नका. ज्याला त्या दिवशी जड जातंय त्याच्याकडचं सगळं दुसऱ्यानं घ्यायचं, अगदी पंपसुद्धा. एक गोष्ट मात्र दोघांनी आपापली ठेवायची: डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा. तो बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो. एखाद्या दगडावर आपटून वाकला तर दुकानातून कुठलाही आणून बसत नाही. साखळीची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली साखळी जोडायची कडी, मात्र दोघांची एकच चालेल अशा बेतानं साखळ्या सारख्याच घ्या.

खाण्याबद्दल. दोन तासांच्या वर गेलात की तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात, म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागणार नाही. पाण्यात साखर, खिशात गुळाचे खडे, शेंगदाण्याची चिक्की. शर्यतीच्या दिवशी नवं काही तोंडात घालू नकोस. आदल्या रात्री आणि पहाटे आपली उकड्या तांदळाची पेज मीठ घालून प्यायलीस की पोट शांत राहतं. बाटलीसाठी मी कोकमाचं आगळ वापरतो, त्यात मीठ असतंच, वर साखर घालायची. त्याला ते आंबट लागत असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं.

आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि न वाळणारा घाम अंग थंड करत नाही. म्हणून इथला माणूस घाटाखाली जास्त तापतो. सरावाच्या आधी आणि नंतर वजन कर. एक किलो उतरलं तर अंगातलं जवळजवळ एक लिटर पाणी गेलं, त्यात मधे प्यायलेलं मिळव. दोघांचा आकडा वेगळा निघेल, त्याचा बहुधा तुझ्यापेक्षा मोठा. आणि वजन वाढलं तर तो इशारा आहे. मिठाशिवाय नुसतं पाणी ढोसत राहणं जिवावर बेतू शकतं.

वाटेबद्दल थोडंच. जांभ्याचा कातळ कोरडा असला की चाक छान धरतो, पण त्यावरची सुटी खडी गोट्यांसारखी सरकते. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. तुझ्या वजनाला ट्यूबलेस टायरमध्ये हवेचा दाब पुढे १९ आणि मागे २१ पीएसआयपासून सुरुवात कर, मग एकेकानं वर-खाली करून बघ. पावसाळ्यातलं शेवाळ अजून सावलीतल्या कातळावर आहे, तिथे उतरून चाललीस तरी चालेल. म्हादईचं जंगल १९९९ पासून अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आतल्या वाटांवर सायकल घालू नकोस, आणि संध्याकाळी तर गव्यांच्या वाटेला जाऊच नकोस.

येत्या रविवारी त्याला घेऊन ये. उजाडताच केरीहून चोर्ल्याला निघू, बेळगावकडचे ट्रक सुरू व्हायच्या आत माथा गाठायचाय. तो पुढे, तू मागे, मी सगळ्यांच्या मागे. सायकली आदल्या दिवशी धुऊन आण, आणि दोघांचे हँगर विसरू नकोस. तुझी काकू पेज करून ठेवेल.

तुझा काका