टर्मिनलवरची जुनी प्रणाली ब्राउझरमध्ये आणताना

आयबीएमच्या एएस/४०० या व्यावसायिक संगणकावर चालणाऱ्या, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या प्रणालीचे दोनशे स्क्रीन ब्राउझरमध्ये आणायचे आहेत, तर प्रत्येक स्क्रीनचे आपोआप वेबपान करून देणारे साधन घ्यावे की सगळे नव्याने लिहावे, असा आपला प्रश्न आहे. माझा आग्रह असा की, काहीही ठरवण्याआधी त्या प्रणालीवर रोज नोंदी करणाऱ्या व्यक्तीशेजारी एक पूर्ण दिवस बसावे आणि तिची बोटे कशी चालतात ते पाहावे.

तांत्रिकदृष्ट्या आपली स्थिती बरी आहे. आपले ५२५० टर्मिनल (एएस/४००ला जोडलेला स्क्रीन आणि कीबोर्ड) आणि आयबीएमने १९७१मध्ये आणलेले ३२७० टर्मिनल ही दोन्ही ब्लॉक पद्धतीने चालतात. रकाने भरून एंटर किंवा फंक्शन कळ दाबली की मजकूर एकदम मुख्य संगणकाकडे जातो. वेबपानावरच्या एचटीएमएल फॉर्मचे कामही असेच चालते. व्हीटी१०० प्रकारच्या टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षर लगेच पलीकडे जाते, त्यामुळे तेथे हे काम बरेच अवघड होते.

खरी अडचण वेगाची आहे. मी काम केलेल्या एका रूपांतरात बिलांची नोंद करणाऱ्या ताई कागदावरची नजर न हलवता मालाचा कोड, नग, फील्ड एक्झिट (रकान्यातून बाहेर पडण्याची कळ), एंटर अशा कळा दाबत आणि पुढचा स्क्रीन उमटण्याआधीच त्याचा मजकूर टाइप करू लागत. टर्मिनल ती अक्षरे साठवून ठेवी आणि स्क्रीन आला की रकान्यात भरी. आमचे वेबपान लोड होईपर्यंत मात्र कोडचे पहिले दोन-तीन आकडे गळून जात. शिवाय बाहेर पडण्यासाठी सवयीने एफ३ दाबले की ब्राउझरची शोधपट्टी उघडे आणि एफ५ दाबले की अर्धवट भरलेले पान पुन्हा लोड होई. चूक आमची होती. कळा अडवून धरण्याची आणि टाइप केलेले साठवण्याची सोय आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

आपोआप रूपांतर करणारे साधन पहिला टप्पा म्हणून घ्यायला हरकत नाही, पण ते रकाना कशावरून ओळखते हे नीट तपासा. २४ ओळी आणि ८० स्तंभांतल्या जागेवरून ओळखत असेल, तर मूळ स्क्रीनवर एक ओळ वाढली तरी पुढचे सगळे बिघडते. डीडीएसमधल्या, म्हणजे एएस/४००वर स्क्रीनची रचना ज्यात लिहिलेली असते त्या व्याख्येतल्या, रकान्यांच्या नावांवरून ओळखणारे साधन अधिक टिकते. त्यानंतर ज्या स्क्रीनमध्ये वारंवार बदल होतात, त्यांच्यामागची तपासणी आणि हिशेब दाखवण्याच्या भागापासून वेगळे काढून ते स्क्रीन एकेक करून नव्याने लिहावेत. क्वचित वापरले जाणारे स्क्रीन तसेच राहिले तरी चालतात.

ब्राउझरच्या मागे जाण्याच्या बटणाचा विचारही सुरुवातीलाच करा. मुख्य संगणकावरचा प्रोग्रॅम एका ठरावीक स्क्रीनवर थांबलेला असतो आणि वापरणारी व्यक्ती मागच्या पानावरून जुनाच मजकूर पाठवते. म्हणून प्रत्येक पानाला क्रमांक द्यावा आणि क्रमांक जुना असेल तर सर्व्हरने तो मजकूर नाकारावा. तसेच टॅब नुसता बंद केला, तर मुख्य संगणकावरचे सत्र चालूच राहते आणि त्याने कुलूपबंद केलेली नोंद इतरांना बदलता येत नाही. अशी सत्रे ठरावीक वेळाने बंद करण्याची व्यवस्था चाचणीच्या काळातच बसवून घ्या.