आजोबांच्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट घ्यावा का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे: तुम्ही डिचोली तालुक्यातले, वय २७, अभियांत्रिकीची पदविका झालेली. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलात गोव्यात झालेला असल्यामुळे तुम्हाला पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट उघडी आहे. पण याच आजोबांनी १९५५ मध्ये सीमा ओलांडून आलेल्या सत्याग्रहींना गोठ्यात लपवले होते. म्हणून तो पासपोर्ट घेणे ही त्यांच्याशी आणि देशाशी बेइमानी होईल, की मोकळेपणाने जगता यावे यासाठी एवढे करायला हरकत नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी पेडणे तालुक्यातली आहे. २०११ मध्ये मी हाच पासपोर्ट घेतला, ब्रिटन तेव्हा पोर्तुगालप्रमाणेच युरोपीय संघात असल्याने त्यावर इंग्लंडमधील स्विंडन शहरात अकरा वर्षे काढली आणि २०२२ मध्ये आईच्या आजारपणामुळे गावी परत आले. त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. राष्ट्रीय ओळख एका पारड्यात आणि स्वातंत्र्य दुसऱ्या पारड्यात, अशी मांडणी तुम्ही केली आहे. मीही तेव्हा तशीच केली होती. दोन्ही पारड्यांत स्वातंत्र्यच होते आणि त्यांतले एक देऊन मी दुसरे घेत होते, हे मला फार उशिरा कळले.

आधी बेइमानीविषयी. तुमच्या आजोबांनी ज्या सत्तेविरुद्ध जीव धोक्यात घातला ती सालाझारची हुकूमशाही होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पंजाबमधून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तेथे हुतात्मा झाले. पत्रादेवी आमच्या गावापासून जवळ असल्याने ही हकिकत मी शाळेच्या पुस्तकाआधी आजीच्या तोंडून ऐकली. गोवा मुक्त झाल्यानंतरही मुक्तिलढ्यातले क्रांतिकारक मोहन रानडे यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटायला जानेवारी १९६९ उजाडावा लागला. मात्र त्याच तुरुंगात हुकूमशाहीला विरोध करणारे पोर्तुगीजही कोंडलेले होते, आणि २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांची सुटका झाली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले तेही त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कराराने. म्हणजे आज तुम्हाला पासपोर्ट देऊ पाहणारे राज्य, तुमचे आजोबा ज्या राजवटीविरुद्ध उभे राहिले तिला उलथून टाकूनच जन्माला आले आहे. पासपोर्ट हातात घेताना मला अपराधी वाटले नाही ते यामुळे, आणि तुम्हालाही तसे वाटण्याचे कारण नाही, असे मी मनापासून सांगते.

परंतु एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मुक्तीनंतर १९६२ मध्ये केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश काढला आणि येथे जन्मलेल्यांना भारतीय नागरिक मानले. मात्र ज्याला आपले पूर्वीचे नागरिकत्व कायम ठेवायचे असेल त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे, अशी मुभाही त्यात ठेवली होती. म्हणजे निवडीची एक संधी तुमच्या आजोबांच्या पिढीला मिळाली होती आणि त्यांनी काही न कळवता भारतीय राहणे पसंत केले. तुम्ही साठ वर्षांनंतर वेगळी निवड केलीत तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण ही निवड आहे हे पुरते उमजून ती करावी. एजंटांच्या कार्यालयांत तिच्याविषयी असे बोलले जाते की जणू पंचायतीतून एखादा दाखला काढायचा आहे.

मला काय मिळाले तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण ते थोडे नव्हते. गोव्यात मी कंत्राटी तत्त्वावर प्राथमिक शाळेत शिकवत होते. दर जूनमध्ये नेमणूक होईल की नाही याची धाकधूक असे आणि त्यासाठी कोणाकोणाच्या दारात उभे राहावे लागे. स्विंडनला मी गोदामात खोकी भरण्याचे काम केले. काम अंगमेहनतीचे होते, पण पगार दर आठवड्याला खात्यात जमा होई आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नसे. रात्रपाळी सुटल्यावर पहाटे साडेपाच वाजता, ओसाड रस्त्यावरून, एकटीने चालत घरी जाताना मागे वळून पाहावेसे वाटत नाही, ही जाणीव मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा झाली. लग्न का केले नाही हे तेथे कोणी विचारले नाही. कामाच्या व्हिसावर आलेल्या माणसाला नोकरी सुटली की मुदतीच्या आत दुसरी शोधावी लागते. मी मात्र एका पर्यवेक्षकाची वागणूक न पटल्याने सोमवारी काम सोडले आणि गुरुवारी दुसरीकडे लागले. हे स्वातंत्र्य खरे आहे. परदेशी गेलेली माणसे केवळ पैशाला भुलतात असे म्हणणाऱ्यांनी त्याची किंमत कधी मोजलेली नसते.

आता दुसऱ्या पारड्याकडे वळते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की नाही यावर सार्वमत झाले. माझ्या वरच्या मजल्यावर नाशिकचे एक तरुण जोडपे राहत होते. तो संगणक अभियंता, कामाच्या व्हिसावर आलेला, इंग्लंडात येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्या दोघांना मतदानाचा अधिकार होता, कारण भारतीय नागरिक हा राष्ट्रकुलाचा नागरिक असतो आणि ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना तेथील संसदीय निवडणुकीत मत देता येते. सार्वमतासाठीही तीच पात्रता ठेवली होती. मी तेथे पाच वर्षे राहून कर भरत होते, ज्या हक्कावर माझे तेथील राहणे उभे होते त्याचाच निकाल लागणार होता, आणि मला मत नव्हते. पोर्तुगीज नागरिक म्हणून मी नगर परिषदेच्या आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकत होते, पण ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत किंवा या सार्वमतात नाही. भारतीय पासपोर्टाने मला जो अधिकार दिला असता तो मी पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात, कोपरा कापलेल्या आणि रद्दचा शिक्का मारलेल्या त्या निळ्या पुस्तिकेबरोबर ठेवून आले होते. संध्याकाळी ती दोघे मतदान करून जिना चढत आली आणि मी दार उघडून त्यांना चहाला बोलावले. त्या रात्री मला झोप लागली नाही. स्विंडननेही बाहेर पडण्याच्या बाजूनेच कौल दिला.

त्यानंतर २०१९ मध्ये पोर्तुगालच्या संसदेची निवडणूक आली आणि लिस्बनहून माझ्या पत्त्यावर टपाली मतपत्रिका येऊन पडली. त्या संसदेच्या २३० जागांपैकी चार जागा परदेशस्थ पोर्तुगीज नागरिकांसाठी असतात, दोन युरोपातल्यांसाठी आणि दोन युरोपाबाहेरच्यांसाठी. मतपत्रिकेवर पक्षांची नावे आणि चिन्हे होती. त्यांतला एकही पक्ष मला ठाऊक नव्हता, ती भाषा मला चार शब्दांपलीकडे येत नव्हती आणि त्या देशात मी एकूण नऊ दिवस राहिले होते. ती पत्रिका तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होती. आपल्याला ज्याचे काही कळत नाही त्या देशाचा कारभार ठरवण्यात हात घालणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी ती पाठवली नाही. माझी ओळख बदलली होती का, असे कोणी विचारले तर मी नाही म्हणेन. घरी मी कोकणी बोलत होते, मराठी वाचत होते, चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधत होते. ओळख कोणी काढून घेतली नव्हती. ज्या ठिकाणाशी माझे खरे नाते होते तेथे बोलण्याचा माझा हक्क तेवढा गेला होता.

तो कसा गेला, हे गावी परतल्यावर कळले. २०२३ मध्ये आमच्या गावात एका डोंगराच्या कापणीचा विषय ग्रामसभेत आला. त्या डोंगराच्या पायथ्याशी आमची विहीर आहे आणि कापणी झाली तर पावसाळ्यात लाल माती थेट शेतात येणार, हे कोणालाही दिसत होते. रविवारची सकाळ होती, सभागृह भरलेले होते, मी हात वर करून उभी राहिले. सचिवांनी समोरची यादी चाळली आणि अगदी सौम्य शब्दांत सांगितले की, ग्रामसभेचा सदस्य तो पंचायतीचा मतदार, आणि माझे नाव मतदारयादीत नाही, तेव्हा मी बसून ऐकावे. त्यांचे काही चुकले नव्हते. कायदा तसाच आहे. माझ्या शाळेत शिकलेला एक मुलगा माझ्या दोन खुर्च्या पुढे बसला होता. तो उठला आणि मला जे म्हणायचे होते त्यातले निम्मे त्याने म्हटले. उरलेले निम्मे माझ्याजवळच राहिले.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाबद्दल ‘तेही जवळजवळ नागरिकत्वच’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. ओसीआय कार्ड हा आयुष्यभराचा व्हिसा आहे आणि येण्याजाण्यासाठी तो उत्तम आहे. पण त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन किंवा पत्रकारिता करायची तर विशेष परवानगी लागते. याहून मोठी गोष्ट अशी की, संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदातील भाषणाचे, एकत्र जमण्याचे आणि संघटना करण्याचे स्वातंत्र्य नागरिकांना दिलेले आहे. २१ व्या अनुच्छेदातील जीविताचे रक्षण तेवढे प्रत्येक व्यक्तीला आहे. तुमच्या आजोबांनी सत्याग्रहींना लपवले ते नेमके या १९ व्या अनुच्छेदातल्या गोष्टींसाठी, असे मला वाटते.

तुमच्या बाबतीत आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. मी गेले तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे इंग्लंडचे दार होते. १ जानेवारी २०२१ पासून ते बंद झाले आहे; आधीपासून तेथे राहणाऱ्यांनाही ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपला हक्क नोंदवावा लागला. आता या पासपोर्टावर तुम्हाला युरोपीय संघातील २७ देशांत काम करता येईल, पण त्यांतल्या बहुतेक ठिकाणी स्थानिक भाषेवाचून गोदामापलीकडचे काम मिळणे कठीण आहे. आणि भाषा शिकायचीच असेल, तर पदविका हाती असलेल्या तुमच्यासारख्या तरुणाला भारतीय पासपोर्टावरही वाट आहे. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी येऊ इच्छिणाऱ्या प्रशिक्षित परदेशीयांना ‘शान्सनकार्टे’ नावाचा परवाना देणे सुरू केले आहे. त्यात दगदग जास्त आहे, सुरुवातीची वर्षे नोकरीच्या भीतीत जातात, हे खरे. पण काही वर्षे राहून तो देश तुम्हाला आपला वाटला, तर त्याचेच नागरिकत्व घ्या आणि तेथे मतदान करा, तेथल्या सभेत उभे राहून बोला. जेथे राहायचे नाही, ज्याची भाषा येत नाही, अशा तिसऱ्याच देशाचे नागरिक होणे ही चूक मी केली. जाणे ही चूक नव्हती.

भारतीय नागरिकत्व परत मिळवता येते. ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षे झालेली असावीत आणि अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात वास्तव्य असावे, अशी तरतूद आहे. मी सध्या त्याच कागदपत्रांच्या मागे आहे. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत ‘शंकर’ हे नाव रोमन ‘एक्स’ अक्षराने सुरू होत असे. वडिलांचे नाव त्यांच्या जन्मनोंदीत एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि आधार कार्डावर तिसऱ्या तऱ्हेने आहे, आणि ही सगळी एकाच माणसाची नावे आहेत हे मला दोनदा शपथेवर सांगावे लागले आहे, एकदा तिकडे जाण्यासाठी आणि आता परत येण्यासाठी.

शेवटी तुमच्या आजोबांविषयी. तुमच्या वडिलांचा जन्म १९६४ चा असल्याचे तुम्ही लिहिले आहे. अशा घरांत नेहमीची वाट अशी असते की, आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवायचा, मग वडिलांचा, मग तुमचा. म्हणजे पोर्तुगालच्या दृष्टीने पहिले पोर्तुगीज नागरिक तुमचे ८९ वर्षांचे आजोबा ठरतील. नुसत्या नोंदणीने भारतीय नागरिकत्व जाते की नाही हा वाद गोव्यात अनेक वर्षे चालला आहे, आणि त्याची झळ त्यांनाही लागू शकते. माझ्या वडिलांचा जन्म १९५१ चा, त्यामुळे आमच्याकडे साखळी त्यांच्यापासून सुरू झाली. म्हापशाच्या एका कार्यालयात, लाकडी बाकावर बसून, नोटरीसमोर सही करताना त्यांनी पेन थांबवून मला विचारले होते, ‘म्हणजे आता मी पोर्तुगीज का?’ एजंटाने घाईने सांगितले की ही नुसती नोंद आहे. मी खाली पाहत राहिले आणि त्यांनी सही केली. तुम्ही आजोबांना हे सगळे घरी, सावकाश, एजंट समोर नसताना समजावून सांगा, आणि ते नको म्हणाले तर हा अर्ज करू नका.