जायरेजच्या आधी सुतळी हातात घे

जायरेज म्हणजे डीएनएचा पीळ बदलणारं एन्झाइम. त्याची व्याख्या नंतर पाठ कर. आधी सुतळीच्या दोन पदरांना पीळ दे आणि टोकं बांधून कडं कर. आता पीळ कापल्याशिवाय सुटणार नाही. ई. कोलाय या जिवाणूचा गोल डीएनए असाच अडकलेला असतो.

जायरेज दोन्ही पदर कापतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पार करतं आणि पुन्हा सांधतं. एका फेरीत लिंकिंग नंबर, म्हणजे दोन पदर एकमेकांभोवती किती वेळा गुंफलेत तो आकडा, 2 ने घटतो आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. टोपोआयसोमरेज-1 हे दुसरं एन्झाइम एकच पदर कापून ऋण पीळ (गुंफण कमी पडल्याने आलेला) सैल करतं, तेही एटीपीशिवाय. इथेच गोंधळ होतो, माझाही व्हायचा.

हा पीळ जेलवर, म्हणजे विजेने डीएनए पळवतात त्या थरावर, दिसतो. तिथे सगळ्यात पुढे पळालेला पट्टा म्हणजे तुटका तुकडा समजू नकोस. घट्ट पिळलेलं प्लाझमिडच (जिवाणूतला छोटा गोल डीएनए) ते! आणि इथिडियम ब्रोमाइड, म्हणजे डीएनए दिसावा म्हणून लावायचा रंग, जेल चालवून झाल्यावरच लाव, आधी घातलंस तर पीळच बदलतो.