पेन्सिल शार्पनरच्या आतच तुटते? आधी पातं बघा

ताई, तुमचा प्रश्न असा: मुलगी यंदा एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतेय, ४बी-६बी पेन्सिलींची टोकं शार्पनरच्या आतच तुटतात, रंगीत पेन्सिली त्याहून वाईट, आणि भुसावळचे दुकानदार टेबलावरचं हँडलवालं मशीन घ्या म्हणतात. मशीन लगेच घेऊ नका.

आधी निघणारी साल बघा. पात्याला धार असेल तर साल पातळ, सलग, पंख्यासारखी उलगडत येते. चुरा पडत असेल आणि टोकाशी लाकूड खरबरीत दिसत असेल तर पातं बोथट झालंय. बोथट पातं लाकूड कापत नाही, ओरबाडतं. मग हात जास्त जोर लावतो, पेन्सिल पिळली जाते आणि शिसं तुटतं. शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. बी चा आकडा वाढतो तशी माती कमी होते, म्हणून ६बी इतकी गडद उमटते आणि इतकी सहज तुटते. एचबीला चालून जाणारं पातं ६बीला चालत नाही.

पात्याचा स्क्रू सैल असला तरी तेच होतं. पातं थरथरतं आणि टोकाला झटके बसतात. छोट्या पेचकसाने स्क्रू घट्ट करून बघा. पातं बदलायचं असेल तर जुनं काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे धारेची उतरती बाजू कुठल्या अंगाला होती ते चुकणार नाही. पात्याचं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे पातं थोडं सरकतं. पेन्सिल घालायच्या भोकाच्या आत जास्त पुढे आलं तर साल जाड निघते आणि टोक तुटतं, जास्त मागे राहिलं तर कापतच नाही. नवं पातं घेताना जुनं सोबत न्या. लांबी आणि भोकाची जागा दोन्ही जुळली पाहिजेत. सुटी पाती कलासाहित्याच्या दुकानात विचारा. जनरल स्टोअरमधल्या प्लॅस्टिकच्या शार्पनरवर मात्र वेळ घालवू नका, तो सरळ नवा घ्या.

टोक करताना शार्पनर स्थिर धरा आणि पेन्सिल फिरवा, भोकाशी सरळ रेषेत. जोर पेन्सिल आत ढकलण्यात लावू नका, पातं स्वतः ओढून घेतं. सुईसारखं टोक येण्याच्या आधीच थांबा.

एवढं करूनही तुटत असेल तर दोष पेन्सिलीत. दोन गोष्टी तपासा. मागच्या टोकाकडून बघा, शिसं बरोबर मध्यभागी आहे का? नसेल तर एका बाजूने लाकूड शिशावर वर चढत जातं. अशी पेन्सिल टोकदार होतच नाही. दुसरं, फरशीवर पडलेली पेन्सिल. बाहेरून काही दिसत नाही, पण आत शिशाचे तुकडे झालेले असतात आणि टोक होत आलं की एकेक तुकडा अख्खा गळून येतो. दोन-तीन सेंटिमीटर संपल्यावर तुटणं थांबलं, तर कारण तेच होतं. अशी पेन्सिल कटरने सोला: लाकूड साधारण दीड-दोन सेंटिमीटर तासायचं, शिसं ६-७ मिमी उघडं ठेवायचं आणि टोक पॉलिश पेपरवर फिरवून आणायचं. शेडिंगसाठी असं लांब शिसं शार्पनरच्या टोकापेक्षा चांगलंच.

रंगीत पेन्सिलींना शार्पनर वेगळा ठेवा. त्या पेन्सिलींत मेण असतं, ते पात्याला चिकटतं आणि पुढची प्रत्येक पेन्सिल अडकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा ते मेण आणखी मऊ होतं. गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत पेन्सिली ठेवू नका. बंद डब्यात घालून १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग टोक करा. मधेच एखादी साधी एचबी फिरवली की पात्यावरचं मेण निघतं. शार्पनर कूलरच्या दमट झोतासमोर ठेवू नका, पात्याला गंज धरतो. मॅग्नेशियमचा असेल तर पाण्याने कधीच धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा.

मग घ्यायचं काय? ड्रॉइंगसाठी जर्मनीच्या कूम कंपनीचा दोन भोकांचा लाँग पॉइंट शार्पनर. पहिल्या भोकात फक्त लाकूड निघतं, दुसऱ्यात फक्त शिसं, त्यामुळे टोक लांब येतं. दुकानदार म्हणतात ते मशीन वर्गाला, क्लासला उत्तम, पण त्याच्या दंडगोल कटरच्या खाचांत रंगीत पेन्सिलीचं मेण भरतं आणि काही मॉडेलांच्या जबड्याच्या खुणा पेन्सिलीच्या रंगावर उमटतात. एका मुलीसाठी त्याची गरज नाही.

बाकी वस्तूंत टोकावरची धातूची टोपी जरूर घ्या, कंपासपेटीत टोकं तिनेच वाचतात. पेन्सिल ६-७ सेंटिमीटरवर आली की कडीने आवळायचा एक्स्टेंडर, म्हणजे आखूड पेन्सिल धरायची दांडी, लावा. तो साध्या ७ मिमीच्या पेन्सिलीचा असतो, जाड पेन्सिल त्यात कोंबू नका. पांढरा व्हिनाइल खोडरबर कागदी वेष्टनातच राहू द्या: त्यातलं मऊ करणारं द्रव्य प्लॅस्टिकच्या पट्टीला लागलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, आणि उन्हाळ्यात हे लवकर होतं.