कुंडीतल्या सोनटक्क्याला फुले येईनाशी झाली आहेत. गड्डे वेगळे करावेत की खत वाढवावे?

खत वाढवू नका, गड्डे काढा.

इतक्या ठामपणे सांगते, कारण हाच वाद आमच्या कोकणातल्या घरी वर्षानुवर्षे चालला. न्हाणीच्या सांडपाण्यावर सासूबाईंनी लावलेला सोनटक्का खांद्याएवढा वाढे, परंतु श्रावण उलटला तरी फुले मोजकीच दिसत. थोरल्या दिरांचे म्हणणे ठरलेले होते: जुन्या झाडाला हात लावायचा नसतो, शेणखत कमी पडते आहे. त्यांचा शब्द मोडून एका फाल्गुनात मी निम्मे आळे खणले आणि उरलेले निम्मे जाणूनबुजून तसेच ठेवले. मधले गड्डे एकमेकांवर चढून करडे पडले होते, दाबले की आत पोकळ लागत होते. जिवंत कोंब फक्त कडेला होते, बोटाएवढे, गुलाबी टोकांचे. सोनटक्क्याचे प्रत्येक खोड एकदाच फुलते आणि वाळते, आणि पुढचे खोड गड्ड्याच्या नव्या टोकातून बाहेरच्या बाजूला फुटते. त्या टोकांना सरकायला जागाच उरली नसेल, तर खताने नुसती पाने वाढतात.

कडेचे गड्डे दोन-तीन डोळे राखून विळ्याने कापले, दिवसभर सावलीत सुकवले, कापांना राख लावली आणि हातभर अंतरावर, दोन बोटे मातीखाली आडवे लावले. मधला भाग फेकून दिला, याचे सासूबाईंना वाईट वाटले. त्या भाद्रपदात खणलेल्या बाजूची बहुतेक खोडे फुलली आणि न खणलेली बाजू हिरवीच राहिली. दीर म्हणाले, यंदा पाऊस चांगला झाला. पाऊस दोन्ही बाजूंवर सारखाच पडला होता, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगते. सोनटक्का हळद-आल्याच्या कुळातला आहे. हळद आपण दरवर्षी खणतो आणि तिचेच गड्डे पुन्हा लावतो, तेव्हा झाड दुखावते असे कोणी म्हणत नाही.

मात्र हे काम फेब्रुवारी ते मे या काळातच करावे, कारण भर पावसात काप कुजतात. एकच डोळा असलेला तुकडा त्याच वर्षी फुलेल, असे धरून चालू नका. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी. आणि ती दिवसभर सावलीत असेल, तर आधी सकाळचे ऊन येईल अशा जागी हलवा, कारण उन्हावाचून नवे गड्डेही फुलणार नाहीत.